दुरून करावयाची शुश्रूषा

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

आजचा विषय खरें पाहतां एखाद्या डॉक्टरानें बोलावा असा आहे. मी डॉक्टर नाहीं. धुळें जिल्ह्यांतील प्राथमिक शाळांतून चौतीस वर्षें मुलांना बाराखडी आणि पाढे शिकवून आतां घरीं बसलेला मी एक मास्तर आहें. माझें शिक्षणहि मॅट्रिकपलीकडे गेलेलें नाहीं. परंतु तीन वर्षांपूर्वीं कर्करोग आमच्या घरांत शिरला, आणि आजारी आईपासून दूर राहून तिच्या उपचारांत आपला वांटा कसा उचलावा, हा धडा मला ह्या वयांत गिरवावा लागला. तो मी चुकत चुकत शिकलों. माझ्या चुका आपणांस ठाऊक झाल्या तर निदान त्याच चुका आपल्या हातून होणार नाहींत, एवढ्याच हेतूनें मी आज बोलणार आहें.

खानदेशांतील पुष्कळ घरांतून आज अशी स्थिति आहे कीं, वडील माणसें जळगांवास, अमळनेरास, शिरपुरास किंवा एखाद्या खेड्यांत. आणि मुलें पुण्यास, मुंबईस, सुरतेस, नाहींतर सातासमुद्रांपलीकडे. दुखणें एका गांवीं, दवाखाना दुसऱ्या गांवीं आणि मुलगा तिसऱ्याच गांवीं. त्या मानानें माझें अंतर लहान होतें. आमच्या मातोश्री जळगांवास धाकट्या भावाकडे राहत असत आणि मी धुळ्यास. मध्यें नव्वद-पंचाण्णव किलोमीटरांचा रस्ता. परंतु माझी पत्नी अर्धांगवायूनें अंथरुणास खिळलेली. तिला उठविणें, बसविणें, भरविणें हें सारें माझ्याकडे. एक रात्रहि घर सोडून राहणें मला शक्य नव्हतें. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हमरस्ते धुळ्यास एकमेकांस छेदतात. त्यांतील एक आईच्या घराकडे जात होता आणि दुसरा पुढें तिच्या दवाखान्याकडे जाणारा ठरला. दोन्ही रस्ते दाराशीं असून मला कोठेंच जातां येत नव्हतें. माणसांमाणसांतलें अंतर किलोमीटरांनीं नव्हे, अडचणींनीं मोजावयाचें असतें, हें मला तेव्हां कळलें.

आईचें वय त्या वेळीं ८४ होतें. तिला तरुणपणापासून मिश्रीची संवय. आपल्याकडे पुष्कळ बायका दांत घासण्याच्या निमित्तानें भाजलेल्या तंबाखूची ही पूड तोंडांत धरतात; पण आपण तंबाखू खातों असें त्यांच्या मनांतहि येत नाहीं. आईच्या गालाच्या आंतल्या बाजूस एक व्रण झाला. दांत लागला असेल असें म्हणून हळद लावली, तूप लावलें, आणि दोन महिने तसेच गेले. तोंडांतली जी जखम तीन आठवड्यांत भरून येत नाहीं ती डॉक्टरांना दाखविलीच पाहिजे, हा साधा नियम आमच्यापैकीं कोणासहि ठाऊक नव्हता. शेवटीं डॉक्टरांनीं जखमेचा लहानसा तुकडा काढून तपासावयास पाठविला. तुकडा काढल्यानें रोग पसरतो अशी एक समजूत आपल्याकडे आहे; ती खरी नाहीं. तुकडा तपासल्यावांचून रोगाचें नांव ठरत नाहीं, आणि नांव ठरल्यावांचून औषध ठरत नाहीं. आठ दिवसांनीं अहवाल आला. कर्करोग होता.

भावानें फोन केला तेव्हां रात्रीचे नऊ वाजले होते. त्याला नीट बोलतां येत नव्हतें. मी थोरला, वडील गेल्यापासून घरांतले निर्णय माझ्याकडे. मीं एका दमांत तीन आज्ञा केल्या. पहिली, आईला रोगाचें नांव कळतां कामा नये. गळूं झालें आहे असें तिला सांगावें. दुसरी, मला विचारल्यावांचून कोणताहि निर्णय घेऊं नये. तिसरी, रोजची हकीकत आणि रोजचा खर्च मला कळवावा. ह्या तिन्ही आज्ञा मीं प्रेमानेंच दिल्या होत्या. त्या पाळावयाच्या कोणीं, हा प्रश्न मात्र माझ्या मनांत आला नाहीं.

कर्करोग म्हटला कीं आपल्याकडे पहिलें नांव निघतें तें परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचें. त्या रुग्णालयाच्या जन्मामागेंहि परमुलखांतलें एक दुखणें आहे. सर दोराबजी टाटा ह्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई ह्यांना रक्ताचा कर्करोग झाला, आणि १९३१ सालीं दूर वेल्समधील एका शुश्रूषागृहांत त्यांचा अंत झाला. पुढल्याच वर्षीं दोराबजीहि गेले. त्यांच्या नांवानें स्थापन झालेल्या विश्वस्त निधीनें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं परळास हें रुग्णालय सुरू केलें. १९६२ पासून तें केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. ज्या उपचारांसाठीं धनवानांनाहि समुद्र ओलांडावा लागे, ते सामान्य माणसाला मुंबईंत मिळूं लागले, ही लहान गोष्ट नव्हे. तरी जळगांवच्या माणसाला मुंबईहि सुमारें ४२० किलोमीटर दूर पडते. बाहेरगांवच्या कर्करोग्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा आहे. परंतु ८४ वर्षांच्या बाईला महिनेच्या महिने परगांवीं ठेवणें सोपें नसतें. हें अंतर कमी व्हावें म्हणूनच २०१२ सालीं नॅशनल कॅन्सर ग्रिड ह्या नांवाचें रुग्णालयांचें जाळें उभें राहिलें. देशांत ठिकठिकाणीं एकाच दर्जाचे उपचार मिळावेत आणि रोग्याला शक्य तितकें घराजवळ राहतां यावें, हा त्याचा हेतु आहे.

भाऊ अहवाल घेऊन मुंबईस जाऊन आला. वय आणि हृदयाची स्थिति पाहतां शस्त्रक्रिया न करतां किरणोपचार करावेत, आणि ते नाशकास करतां येतील, असें तेथील डॉक्टरांचें मत पडलें. शनिवार-रविवार सोडून रोज एकदां, असे सहा आठवडे. दवाखान्याजवळ एक खोली भाड्यानें घेतली. भाऊ जळगांवच्या एका डाळीच्या कारखान्यांत हिशेबनीस. त्याला आठ दिवसांवर रजा मिळेना. तो शनिवारीं नाशकास येई आणि सोमवारीं पहांटे परत जाई. बाकीचे दिवस आईपाशीं एकटी भावजय.

ह्या काळांत मी धुळ्याहून काय करीत होतों, तें आतां सांगतांना मला संकोच वाटतो. मी रोज दुपारीं बारा वाजतां फोन करीत असें. ती वेळ आईला पेज भरविण्याची. अर्धा तास माझे प्रश्न चालत. किती खाल्लें, डॉक्टर काय म्हणाले, रिक्षाला एवढे पैसे कां पडले? मोबाइलवर कोणीं कांहीं उपाय धाडला कीं मी तो पुढें धाडीत असें. आज अमक्या झाडाचा पाला, उद्यां तमक्या गांवचा वैदू. नातेवाइकांना मीं भावजयीचा क्रमांक देऊन ठेवला होता. दिवसाकांठीं दहा-पंधरा फोन येत आणि त्या बाईला तीच कहाणी पुन्हां पुन्हां सांगावी लागे. मला वाटे, मी फार करीत आहें.

दुसऱ्या आठवड्यांत एके दुपारीं ती बोलली. तीस वर्षांत माझ्यापुढें तिनें कधीं आवाज चढविला नव्हता. त्या दिवशींहि चढविला नाहीं. ती म्हणाली, “नाना, तुम्ही तिकडून सांगतां, आणि खोटें मला बोलावें लागतें. आई रात्रभर माझ्या तोंडाकडे बघत असतात. हें माझ्याच्यानें आतां होत नाहीं.”

मला राग आला. मी कांहीं बोलणार तोंच आईनें तिच्या हातांतून फोन घेतला. आईचें माहेर अमळनेराकडचें. माया आली किंवा राग आला कीं ती अहिराणींत बोले. ती एवढेंच म्हणाली, “तू मास्तर शेस नाना, पण माले बी वाचता येस.”

दवाखान्याच्या दारावर रोगाच्या नांवाची मोठी पाटी होती. चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईनें ती पहिल्याच दिवशीं वाचली होती. जिनें चुलीपुढें राखेंत माझें बोट फिरवून मला पहिलीं अक्षरें शिकविलीं, तिच्यापासून मी एक शब्द लपवूं पाहत होतों.

श्रोतेहो, ह्या एका गोष्टीकडे मला आपलें लक्ष वेधावयाचें आहे. आम्ही आईपासून रोग लपवीत होतों, आणि आम्हांला दुःख होऊं नये म्हणून आई आपल्याला तो ठाऊक असल्याचें लपवीत होती. ह्या लपंडावांत तिला जें बोलावयाचें होतें तें बोलतांच येत नव्हतें. त्या दिवशीं ती तें बोलली. किती दिवस जावयाचें आणि किती दुखणार, हें तिला डॉक्टरांच्या तोंडून ऐकावयाचें होतें. पुढें रोग उलटला तर मला दुसऱ्या दवाखान्यांत नेऊं नका, जळगांवच्या घरींच राहूं द्या, असें तिचें मागणें होतें. आणि शेवटची गोष्ट ती फार हळू बोलली. हातांतल्या पाटल्या धाकट्या सुनेला द्याव्या. मात्र थोरलीचें मन दुखावूं नये म्हणून तिला मीं समजावून सांगावें. हें काम घरांत दुसऱ्या कोणाला करतां येण्यासारखें नव्हतें. मीं त्याच रात्रीं पत्नीला सांगितलें. तिची वाचा नीट चालत नाहीं. तिनें बऱ्या हातानें ‘देऊन टाका’ अशी खूण केली.

आजाऱ्याला सगळें एका दिवसांत सांगून मोकळें व्हावें, असें माझें म्हणणें नाहीं. कोणाला सारें जाणावयाचें असतें, कोणाला थोडें. तें त्यालाच विचारावें. “तुम्हांला काय कळलें आहे? आणखी काय जाणावयाचें आहे?” एवढे दोन प्रश्न पुरतात. तो विचारील तेवढें डॉक्टरांच्या मदतीनें सांगावें. परंतु खोटें सांगूं नये. आणि दुरून बसून, तें खोटें जवळच्या माणसाकडून वदवूं तर मुळींच नये.

त्या दिवसानंतर मीं शाळेंतल्या वेळापत्रकासारखें कामांचें वांटप केलें. शुश्रूषेंत दोन प्रकारचीं कामें असतात. भरविणें, धरून नेणें, रात्रीं जागणें हीं कामें जवळच्या माणसालाच करावीं लागतात. कागद, फोन, पैसा आणि चौकशी ह्यांचीं कामें मात्र शंभर कोसांवरूनहि करतां येतात. हीं दुसऱ्या प्रकारचीं कामें दूरच्यानें सगळींच्या सगळीं आपल्याकडे घ्यावीं.

मीं एक वही घातली. प्रत्येक अहवालाचें छायाचित्र मागवून घेतलें; तारखा, औषधांचीं नांवें आणि मात्रा लिहून काढल्या. डॉक्टरांच्या भेटीच्या आदल्या रात्रीं तीन-चार प्रश्न लिहून धाडीत असें. डॉक्टरांच्या परवानगीनें भेटीच्या वेळीं भावजय फोन चालू ठेवी, आणि त्यांचें उत्तर मी टिपून घेत असें. दमलेल्या माणसाला ऐकलेलें आठवत नाहीं, वहीला आठवतें.

सरकारी योजनेचीं कामेंहि बसल्या जागीं होतात. २ जुलै २०१२ रोजीं राज्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हां पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला धुळें जिल्हा होता. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती जळगांवसह साऱ्या महाराष्ट्रास लागू झाली. २०१७ पासून तिला महात्मा जोतीराव फुले ह्यांचें नांव आहे, आणि कर्करोगाचे उपचार तींत येतात. शिवाय २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गांठलेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीहि असो, आयुष्मान योजनेखालीं कुटुंबामागें वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली आहे. आमच्या वेळीं ही सोय नव्हती. कोणतें रुग्णालय योजनेंत आहे, कोणते कागद लागतात, आधारपत्रावर आणि शिधापत्रिकेवर नांव सारखें आहे कीं नाहीं, ही चौकशी उपचार सुरू होण्यापूर्वीं करावी. कर्करोग्याला व त्याच्या एका सोबत्याला उपचाराच्या प्रवासासाठीं रेल्वेच्या भाड्यांत सवलत मिळते. तिला रुग्णालयाचा ठराविक नमुन्याचा दाखला लागतो. ह्या कामांत भावनेचा कांहीं भाग नाहीं असें वाटतें. पण रांगेंत वांचलेला एक तास म्हणजे जवळच्या माणसाला मिळालेली एक तास झोप असते.

फोनची वेळ मीं संध्याकाळीं सात ही ठरविली आणि ती मोडली नाहीं. पहिलीं पांच मिनिटें भावजयीचीं. “आज तूं जेवलीस का?” हा माझा पहिला प्रश्न असे. नातेवाइकांना सांगून टाकलें कीं हकीकत मला विचारा, नाशकास फोन करूं नका. दर महिन्याच्या एक तारखेस ठरलेली रक्कम पाठवूं लागलों आणि हिशेब मागणें सोडून दिलें. चौथ्या आठवड्यांत एका भाचीला चार दिवस नाशकास धाडलें, तेव्हां भावजय जळगांवास जाऊन नुसती झोपली. आणि निर्णयाच्या बाबतींत आम्ही एक नियम केला. जो रात्रीं जागतो त्याचें मत पहिलें.

त्याच आठवड्यांत किरणांनीं आईचें तोंड आलें. तोंडावरच्या किरणोपचारांत हें पुष्कळदां होतें. चव जाते, लाळ आटते, गिळणें जड होतें. तिचें बोलणेंहि बंद झालें. आतां सात वाजतां काय बोलावें? आम्ही एक युक्ति काढली. मी वर्तमानपत्रांतल्या बातम्या वाचून दाखवीत असें, आणि प्रश्न विचारला कीं ती फोनवर बोटानें वाजवी. एकदां वाजविलें तर होय, दोनदां वाजविलें तर नाहीं. एके संध्याकाळीं मीं विचारलें, “फार दुखतें का?” एकदां आवाज आला. भावजयीला ठाऊक नव्हतें. तिला त्रास होऊं नये म्हणून आई तिच्यापासून दुखणें लपवीत होती! दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांना सांगितलें. त्यांनीं वेदनाशामक औषध वाढविलें आणि ती दोन वाट्या पेज घेऊं लागली. जवळच्याला जें सांगवत नाहीं तें आजारी माणूस कधीं कधीं दूरच्याला सांगतें. हा दूर असण्याचा एकच फायदा आहे, तो वायां घालवूं नये.

वेदना सोसणें हा उपचाराचा भाग नव्हे. तीव्र वेदनांसाठीं मॉर्फीन देतात, आणि तें रुग्णालयांना सुलभपणें मिळावें म्हणून २०१४ सालीं कायद्यांतहि बदल झाला. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं तें घेण्यास भिण्याचें कारण नाहीं. ज्यांच्या घरीं शिरेंतून द्यावयाच्या औषधांचे, म्हणजे केमोथेरपीचे, उपचार चालू असतील त्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्या औषधांनीं रक्तांतल्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा संसर्गहि जिवावर बेततो. ताप १००.४ अंशांवर गेला तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालयाला कळवावें. तो क्रमांक, रात्रीं येणाऱ्या गाडीचा क्रमांक आणि शेजारच्या एका माणसाचा क्रमांक दूरच्या मुलाजवळहि लिहिलेला असावा.

आईचे किरणोपचार पूर्ण झाले. व्रण भरून आला. जळगांवास परतल्यावर ती चौदा महिने जगली. त्यांतले दहा-अकरा चांगले गेले. पाटल्या तिनें आपल्या हातानें धाकट्या सुनेच्या हातांत घातल्या. माझी मुलगी दोन दिवस धुळ्यास येऊन राहिली, तेव्हां मला जाऊन आईपाशीं बसतां आलें. पुढें मानेंत गांठ आली. आईच्या इच्छेप्रमाणें तिला कोठेंहि नेलें नाहीं. वेदना होऊं नयेत एवढी व्यवस्था घरींच केली. एके पहांटे भावाचा फोन आला. शेजाऱ्यांना पत्नीजवळ बसवून मी निघालों आणि नऊ वाजतां पोहोंचलों. मला उशीर झाला होता. परंतु आदल्या दिवशीं संध्याकाळीं सात वाजतां आमचें बोलणें झालें होतें, आणि बोलावयाचें कांहीं राहिलें नव्हतें.

आपल्यापैकीं ज्यांचे आईवडील आज दूरगांवीं अशा दुखण्यांत असतील, त्यांना मी इतकेंच सांगेन. जातां येत नाहीं म्हणून स्वतःला दोष देत बसूं नका, आणि तो दोष झांकण्यासाठीं दुरून हुकूमहि सोडूं नका. आज रात्रीं फोन कराल तेव्हां आधीं त्यांच्या उशाशीं बसलेल्या माणसाची विचारपूस करा, आणि मग आजारी माणसाला बोलूं द्या.